चहा किती?

आमच्या पॅकिंग हाऊसमध्ये रोज सकाळी अकराला बाहेरून काकी ओरडतात, "चाय कितीऽऽ?" आणि जो कोण दाराजवळ असेल तो मान वळवून नुसत्या नजरेनं माणसं मोजतो आणि आकडा फेकतो. बस. अख्ख्या दिवसातली सगळ्यात फालतू गोष्ट म्हणा ना. पण गेले दोन सीझन मी त्या आकड्यावर कान ठेवून बसलेय आणि आता डोक्यात इतकं साठलंय की कुठेतरी ओतायलाच पाहिजे, म्हणून ही पोस्ट. ज्यांचं डोकं चारचौघांसारखं चालत नाही त्यांच्या कामावरच्या जागेबद्दल आहे, आणि लांब होणार आहे, आधीच सांगते.

जागा सांगते आधी. देवगड तालुका, जामसंड्याहून थोडं पुढे, आंब्याचं पॅकिंग. फार मोठं नाही, पत्र्याची शेड, एका बाजूला लाकडी पेट्या, दुसऱ्या बाजूला पुठ्ठ्याचे बॉक्स, मधे लांब टेबल, कोपऱ्यात माझं टेबल ज्यावर कॉम्प्युटर, बिलबुकं आणि कायम कुणाचा तरी डबा. मी डिस्पॅच आणि हिशोब बघते. फेब्रुवारीच्या शेवटाला पहिल्या पेट्या निघतात, एप्रिल-मे मध्ये श्वास घ्यायला फुरसत नसते, आणि पहिला पाऊस पडला की सगळं एका दिवसात थंड. शेडमधली माणसं सात. बागेत काढणीला नेपाळी मुलं असतात, त्यांचा चहा तिकडेच बागेत होतो, ती या सातात कधीच नसतात. हे मी लिहून ठेवतेय कारण पुढे मी आपलेपणावर बरंच काही बोलणार आहे आणि तेव्हा कुणी मला हे विचारलं तर माझ्याकडे धड उत्तर नाहीये.

तर मी. मी आधी पुण्यात नऊ वर्षं नोकरी केली, कंपनीचं नाव नको, काचेची बिल्डिंग होती एवढं पुरे. दोनशे माणसं एका हॉलमध्ये, कुठेही भिंत नाही, वरून एसी, आणि चारी बाजूंनी लोक फोनवर. शुक्रवारी फन फ्रायडे. वाढदिवसाला केक, तोंडाला क्रीम फासणं, वर्षातून एकदा रिसॉर्टला टीम आउटिंग आणि तिथे दोरखेच. भिंतीवर मोठ्या अक्षरात 'आपण एक कुटुंब आहोत' अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य. आणि मी त्या कुटुंबातली नणंद असल्यासारखी. म्हणजे सगळ्या फोटोत आहे, पण घरात कुठे बसायचं ते कधी कळलं नाही. कामं मी रात्री अकरानंतर करायचे कारण तेव्हा हॉल रिकामा असायचा, दिवसा नुसता कामात असल्याचा अभिनय. मीटिंगमध्ये कोण काय बोललं ते दारातून बाहेर पडेपर्यंत डोक्यातून गेलेलं असायचं, मेल अर्धी लिहून ठेवायची, डेडलाइनच्या आदल्या रात्री मात्र अंगात आल्यासारखं काम. दर वर्षी अप्रेझलला एकच वाक्य, पोटेन्शियल खूप आहे पण सिन्सिअर नाही. नऊ वर्षं ऐकलं. नऊ वर्षं मलाही खरं वाटलं.

आमच्याकडे दशावतारी कलाकारांबद्दल म्हणतात, रात्री राजा आणि सकाळी कपाळावर बोजा. रात्रभर राजाचा मुकुट घालून नाचणारा माणूस सकाळी स्वतःचा पेटारा स्वतः वाहून पुढच्या गावाला जातो. माझं उलटं होतं, दिवसभर रंग लावून राजा आणि रात्री घरी येऊन सोफ्यावर मेल्यासारखी, कुकर लावायचंसुद्धा त्राण नाही. या रंग लावण्याला मास्किंग म्हणतात हे मला फार उशिरा कळलं.

2020 ला लॉकडाऊनमध्ये घरी आले ती राहिलेच. पुढच्या वर्षी घाट चढून कोल्हापूरला एका डॉक्टरांकडे गेले, म्हणजे गेले होते झोप येत नाही म्हणून, आणि तीन व्हिजिटनंतर हातात आलं एडीएचडी, म्हणजे लक्ष एका जागी टिकत नाही ते. वय छत्तीस. मी गाडीत बसून आधी हसले आणि मग फोंडा घाट उतरेपर्यंत रडले. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "ता तर तुझ्या आजोबांकपण होता, तेंका कोणी गोळी नाय दिली." आजोबांना काय होतं ते देव जाणे, पण त्यांच्या एकाही सुरू केलेल्या विहिरीला पाणी लागलं नव्हतं कारण एकही पूर्ण खणलीच नव्हती, त्यामुळे आई बरोबर असू शकते.

शब्दांबद्दल थोडक्यात, कारण मला लोक विचारतात. न्यूरोडायव्हर्सिटी हा शब्द 1998 मध्ये जुडी सिंगर या ऑस्ट्रेलियातल्या समाजशास्त्राच्या बाईंच्या प्रबंधात आला, आणि न्यूरोडायव्हर्जंट हा शब्द कॅसियान असासुमासू या अमेरिकेतल्या कार्यकर्तीनं घडवला. ज्याचं डोकं चारचौघांसारखं चालत नाही असा कुणीही त्यात बसतो, ऑटिझम, एडीएचडी, डिस्लेक्सिया, आणखीही बरंच. गंमत म्हणजे ऑटिझम आणि एडीएचडी ही दोन्ही निदानं एकाच माणसाला द्यायला अमेरिकन डॉक्टरांचं ते प्रसिद्ध मॅन्युअल 2013 पर्यंत परवानगीच देत नव्हतं. एक घ्या नाहीतर दुसरं. खूप माणसं अशी मधल्या मधे लटकलेली राहिली.

बरं, आता बाबू. हे त्याचं खरं नाव नाही, पण कोकणात दर तिसऱ्या घरात एक बाबू असतो त्यामुळे कुणाला काही कळायचं नाही. (आणि ही पोस्ट टाकण्याआधी त्याला वाचून दाखवलीय. का ते पुढे येईल.) दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये त्याचा मामा त्याला घेऊन आला. बाबू तेव्हा बावीसचा, बारावी पास, लहानपणी मुंबईला नातेवाइकांकडे असताना ऑटिझमचं निदान झालेलं, कागद फाइलमध्ये. मामानं ती फाइल भाईंच्या, म्हणजे आमच्या मालकांच्या, टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "ह्याका कामाक घेवा. पगार नको. नुसतो बसान ऱ्हवलो तरी चलात."

बाबू तिथेच उभा होता हो. त्याच्यासमोर.

भाई चांगला माणूस आहे. म्हणाला, येऊ दे, देऊ काय ते. आणि 'देऊ काय ते' म्हणजे काय हे या किनाऱ्यावर ज्याचा जन्म गेलाय त्याला सांगायला नको.

मला तेव्हा आठवली ती रापण. आमच्या वाडीच्या खाली किनाऱ्यावर लहानपणी रापण लागायची, आता फार कमी झालीय. होडीतून लांबच लांब जाळं समुद्रात अर्धगोल सोडायचं आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसांनी ओढायचे, तीस तीस चाळीस चाळीस माणसं, तास न् तास. जाळं बाहेर आलं की वाळूत वाटे पडायचे. ज्यांचं जाळं, ज्यांची होडी, जे ओढणारे, सगळ्यांचे ठरलेले वाटे. आमच्यात एक आबा होता, बोलायचा नाही फारसा, बोलला तर एकच वाक्य चार वेळा, डोळ्यात बघायचा नाही, पण दोर ओढायला पहाटे सगळ्यांच्या आधी हजर आणि शेवटची टोपली उचलेपर्यंत जागेवर. गावात त्याला कुणी त्रास दिला नाही. पोरंसोरं चिडवायला लागली तर मोठी माणसं ओरडायची. लग्नाकार्यात पंगतीला असायचा. हे सगळं खरं. पण वाटे पडताना आबाचा वाटा पडायचा नाही. शेवटी कुणीतरी चार बांगडे त्याच्या हातावर ठेवायचं आणि तो घेऊन जायचा.

आता फेसबुकवर लोक लिहितात ना, की पूर्वी गावात अशा माणसांना समाज सामावून घ्यायचा, आता शहरात ते राहिलं नाही. मला आबाचे चार बांगडे आठवतात. ते खपवून घेणं होतं. प्रेमानं खपवून घेणं होतं, मान्य, पण आपल्या भाषेत एक वेगळा शब्द आहे, धरणं. 'तुला धरून पाच जण.' आबाला गावानं खपवून घेतलं, धरलं नाही.

म्हणून मी भाईंना पहिल्या आठवड्यातच म्हटलं की बाकीच्यांना जी हजेरी ती बाबूला. मस्टरवर नाव. भाई म्हणाले अगो पण तो किती काम करणार ते बघू तरी. मी म्हटलं बाकीच्यांचं बघून ठरवलं होतं का? माझं बघून ठरवलं होतं का, मी पहिल्या महिन्यात तीन बिलं चुकीच्या गाडीला लावली होती. यावर ते हसले आणि नाव लागलं. मी काही फार मोठी लढाई लढले असं नाही, भाईंना 'देऊ काय ते'ची सवय होती एवढंच.

आणि मग सुरू झाली खरी गंमत, कारण मस्टरवर नाव लावणं सोपं असतं.

कोकणी माणूस सरळ बोलायला लागला तर तो आजारी आहे असं समजावं. आमच्या शेडमध्ये एकही वाक्य सरळ नसतं. बाबूची बस एक दिवस चुकली, तो साडेनऊच्या ऐवजी साडेदहाला आला, तर आमचे मुकादम तात्या, पेट्यांवर खिळे मारता मारता म्हणाले, "इतक्या लवकर इलस? उद्या इलस तरी चलला असता." सगळे हसले. बाबूनं दोन मिनिटं विचार केला, डब्याची पिशवी परत खांद्याला लावली आणि गेला. आम्हाला वाटलं बाथरूमला गेला. तो गेला घरी. दुसऱ्या दिवशी बरोब्बर साडेनऊला हजर, आणि तात्यांनी काल कुठे गेलास विचारल्यावर म्हणाला, "माका वाटला काल काम नाय."

आता तुम्ही म्हणाल तो पण मालवणी पोरगा, त्याला तिरकस बोलणं कळत नाही? कळतं. मी नंतर विचारलं त्याला. म्हणाला, निम्म्या वेळा कळतं, पण कुठली निम्मी ते कळत नाही. हे वाक्य मी लिहून ठेवलंय. डेमियन मिल्टन नावाचे एक ब्रिटिश अभ्यासक आहेत, स्वतः ऑटिस्टिक, त्यांनी 2012 मध्ये मांडलं की ऑटिस्टिक माणसाला इतरांचं मन कळत नाही असं जे म्हणतात ते एकतर्फी आहे, न कळणं दोन्हीकडून असतं, चारचौघांनाही ऑटिस्टिक माणसाचं मन कळत नाही, फक्त चारचौघं जास्त असल्यामुळे दोष एकाच्याच खात्यावर पडतो. त्या दिवशी आमच्या शेडमध्ये सहा माणसांपैकी एकालाही कळलं नव्हतं की पोरगं घरी चाललंय. सहा जणांना. आणि त्याची कुणी फाइल केली नाही.

तात्यांना मी समजवायला गेले तर म्हणाले, "म्हणजे आता मी बोलूचा नाय?" मी म्हटलं बोला हो, पण कामाचं बोलाल ते सरळ बोला, बाकीचं तुमचं चालू द्या. हा नियम टिकला. तात्या आता कामाचं सांगायच्या आधी खोकतात आणि म्हणतात, "ह्या कामाचा." मग सगळेच ऐकतात. खरं सांगते, मलाही त्याचा इतका उपयोग झाला, कारण आधी तात्या गप्पांच्या मधे कुठेतरी सांगून जायचे की वाशीच्या गाडीत पाच डझनी बारा कमी कर, आणि माझ्या डोक्यातून ते चाळणीतून पाणी जावं तसं जायचं.

मग तो चौदा आण्यांचा किस्सा. आंबा काढायचा तर चौदा आणे तयार झालेला काढायचा असं आपण म्हणतो. बाबूला टेबलावर छाटणीला बसवलं तेव्हा त्याला हेच सांगितलं, चौदा आण्याच्या आतला दिसला तर बाजूला टाक. तो म्हणाला रुपयाचे सोळा आणे, म्हणजे 87.5 टक्के, ते मोजायचं कशानं? आणि कुणालाच सांगता येईना! तीस वर्षं आंबा हाताळणारी माणसं, सगळ्यांना कळतं, सांगता कुणालाच येत नाही. तात्या म्हणाले बघितल्यावर कळतं. बाबू म्हणाला मी बघतोय. शेवटी अर्धा तास काम थांबवून आम्ही टेबलाभोवती उभे राहिलो आणि एकेक फळ हातात घेऊन तात्यांनी पहिल्यांदा तोंडानं बोलून दाखवलं, की हे बघ, देठाच्या बाजूचे खांदे देठाच्या वर आलेत, देठाशी खड्डा पडलाय, हा तयार. ह्याचे खांदे देठाच्या लेव्हलला, हा कच्चा. रंगावर जायचं नाही. ह्याच्या देठाशी काळं, बाजूला. मी ते वहीच्या पानावर चित्रं काढून लिहिलं आणि टेबलाच्या वर खिळ्याला लावलं. त्या सीझनला नंतर दोघींच्या जागी दोन नव्या बायका कामाला आल्या, त्या दोन दिवसांत तयार झाल्या, एरवी पंधरा दिवस जातात.

इथे एक गोष्ट स्पष्ट करते कारण ही पोस्ट वाचून कुणीतरी लिहिणारच, की बघा, देव एक काढून घेतो तर दुसरं देतो. नाही. बाबूला काही दैवी नजर नाहीये. हापूसमधला साका, म्हणजे आतला गर खराब होतो तो, बाहेरून ओळखता येत नाही, कुणालाच नाही, आणि बाबूलाही नाही, लोकांनी मुद्दाम त्याच्यासमोर आंबे ठेवून परीक्षा घेतली, पाचातले तीन चुकले आणि परीक्षा घेणाऱ्यांचीच तोंडं पडली. तो छाटणी चांगली करतो, सावकाश करतो, दुपारी तीननंतर दमतो आणि चुका करतो. बास. हे सुपरपॉवरचं प्रकरण मला फार डेंजर वाटतं कारण त्याचा अर्थ असा की तुला जागा आहे, पण त्या बदल्यात तू काहीतरी अजब करून दाखव. तात्यांकडून कुणी अजब मागत नाही. तात्या सहा खिळ्यांतला एक वाकडाच मारतात.

आता टेपचं. पुठ्ठ्याचे बॉक्स बंद करायला ती ब्राऊन टेप असते ना, ती ओढली की चर्रर्र करून आवाज येतो. आम्हाला तो ऐकूही यायचा नाही इतकी सवय. बाबूला पहिल्या दिवसापासून त्रास, पण तो बोलला नाही, फक्त दर वेळी खांदा वर जायचा, डावा खांदा, कानाला लागेपर्यंत. मला वाटलं सवय आहे अंगाची. पंधरा दिवसांनी एकदा वाशीची गाडी उभी, चार जणी एकदम टेप ओढतायत, आणि तो उठला, बाहेर जाऊन पेंढ्याच्या ढिगात तोंड घालून बसला. अर्धा तास. भाई घाबरले, मामाला फोन लावतो म्हणाले. मी म्हटलं थांबा. जाऊन बाजूला बसले, काही बोलले नाही, कारण मला माहितीय त्या वेळेला बोलणं म्हणजे अजून एक आवाज. मग तोच म्हणाला, टेप.

मजा बघा, तात्या त्याच्यापासून सहा फुटावर दिवसभर हातोडा मारतात, त्याचं त्याला काही नाही. मी विचारलं असं कसं, तर म्हणाला हातोडा वर जाताना दिसतो. टेप कधी ओढणार ते दिसत नाही.

उपाय काय केला, तर फार काही नाही. टेपिंगचं टेबल शेडच्या मागच्या पडवीत नेलं, मधे भिंत. बाबूला मी कानात घालायचे ते फोमचे बोळे आणून दिले, ते त्याला आवडले नाहीत, त्यानं स्वतःच मामाच्या बाईकचं जुनं हेल्मेट आणलं आणि एक आठवडा हेल्मेट घालून आंबे छाटले, ते दृश्य काय वर्णावं. मग मे महिन्यातल्या उकाड्यात ते आपोआप सुटलं आणि साधे कानावर बसणारे हेडफोन आले, मोबाईलला न जोडलेले. पडवीत वारा येतो म्हणून टेपिंगवाल्या बायका खूश. एकूण खर्च शून्य रुपये, हेडफोनचे सोडून.

हे सगळं वाचून मी फार शहाणी आहे असं वाटत असेल तर आता माझं ऐका.

2 एप्रिलला जागतिक ऑटिझम दिन असतो. मला त्या दिवशी मोबाईलवर दहा पोस्टी आल्या आणि माझ्या अंगात आलं. अकराच्या चहाला बाबू बाहेर होता, तो चहा पीत नाही, त्या वेळेला विहिरीजवळ फेऱ्या मारतो. मी सगळ्यांना जमवून दहा मिनिटांचं भाषण दिलं. ऑटिझम म्हणजे काय, बाबूला काय काय त्रास होतो, आपण कसं समजून घ्यायला पाहिजे. सगळ्यांनी माना डोलावल्या. एका बाईच्या डोळ्यात पाणी पण आलं. मला काय भारी वाटलं म्हणून सांगू.

त्या दिवशी दुपारपासून सगळे बाबूशी मोठ्यानं आणि हळूहळू बोलायला लागले. लहान मुलाशी बोलतात तसं. "बाबूऽ, जेवलंस काऽ?" तात्यांनी 'ह्या कामाचा' म्हणणं सोडलं आणि त्याला काम सांगणंच सोडलं, माझ्याकडे यायला लागले, तूच सांग त्याला, तुला समजतं. डोळ्यात पाणी आलेल्या बाईंनी त्याला घरून लाडू आणला आणि डोक्यावरून हात फिरवला, बावीस वर्षांच्या पोराच्या, ज्याला कुणी हात लावलेलं चालत नाही. दोन दिवसांनी तो डबा घेऊन पडवीच्या मागे एकटा बसायला लागला. आधी टेबलाच्या टोकाला बसायचा, बोलायचा नाही, पण बसायचा.

चौथ्या दिवशी मी गेले विचारायला. म्हणाला, "ता माझा होता. तुमी कित्या सांगलात?"

मला उत्तर सुचलं नाही. माझं एडीएचडीचं मी तोपर्यंत शेडमध्ये कुणाला सांगितलेलं नव्हतं, भाई सोडून. का, तर लोक काय म्हणतील. आणि त्याचं मी चहाच्या वेळेला, तो नसताना, सगळ्यांना वाटून टाकलं. प्रसादासारखं.

माफी मागितली. त्यानं ऐकून घेतली आणि म्हणाला ठीक आहे, आणि तीन आठवडे माझ्याशी कामापलीकडे बोलला नाही, तेही ठीकच. दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांना सांगितलं की त्या दिवशी मी बोलले ते मी बोलायला नको होतं, ते बाबूचं होतं, आणि हे घ्या माझं, मला पण एक निदान आहे, एडीएचडी म्हणतात, म्हणून माझ्या टेबलावर सतराशे साठ चिठ्ठ्या असतात आणि तुम्ही तोंडी सांगितलेलं माझ्या लक्षात राहत नाही, ते मी मुद्दाम करत नाही. शांतता. मग तात्या म्हणाले, "मग आता तुझ्याशी पण हळू बोलूचा काय?" आणि सगळे खो खो हसले, आणि पलीकडे बाबू हसला. तिरकस होतं, आणि त्याला कळलं. कुठल्या निम्म्यातलं ते होतं कोण जाणे.

कायद्याचं पण लिहिते कारण गावातल्या दोन आयांनी मला फोन करून विचारलंय. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा आहे, त्यात आधीच्या 1995 च्या कायद्यातल्या 7 प्रकारांचे 21 झाले, ऑटिझम आहे, डिस्लेक्सियासारख्या शिकण्यातल्या अडचणी आहेत. सरकारी नोकरीत 4 टक्के राखीव, त्यातला 1 टक्का ज्या गटाला आहे त्यात ऑटिझमही येतो. सर्टिफिकेट लागतं, 40 टक्के किंवा वर. आणि प्रत्येक आस्थापनेनं, खाजगीसुद्धा, समान संधीचं धोरण जाहीर करावं असं कायदा म्हणतो. मी भाईंना हे सांगितलं, ते म्हणाले कर जाहीर, मग मी एका कागदावर चार ओळी लिहून चिकटवल्या, आंब्याच्या चित्रांच्या बाजूला. एडीएचडी त्या 21 मध्ये नाही. म्हणजे मी कायद्यानं काहीच नाही, नुसती इनसिन्सिअर. तक्रार म्हणून नाही सांगत, म्हणजे तक्रार आहेच, पण मुद्दा हा की ज्याच्याकडे कागद आहे त्याच्यासाठीच टेबल हलवायचं असं ठरवलं तर निम्मी माणसं राहतात. टेपचं टेबल पडवीत न्यायला कुणाचं सर्टिफिकेट लागलं नाही.

जून आला. त्या वर्षी आंबा संपायच्या आधीच पाऊस आला, शेवटच्या पेट्या भिजवत पाठवल्या, आणि नेहमीसारखं सगळं एका दिवसात संपलं. शेवटच्या दिवशी हजेरीचे पैसे, प्रत्येकाला एक पेटी घरी न्यायला, आणि भाई ज्याला हवं त्याला म्हणतात, फेब्रुवारीत ये. हे खरं अप्रेझल. ते ज्याला म्हणत नाहीत त्याला कळतं. काही बोलायचं नसतं, उगाच वाद नको, 'कळवतो' म्हणतात. बाबू पैसे घेऊन उभा राहिला. भाई म्हणाले, कळवतो रे. मी टेबलावरून मान वर केली. पण मी काही बोलायच्या आधी बाबूच म्हणाला, "कळवतलात काय नाय कळवतलात, ता आत्ताच सांगा. माका दुसरीकडे विचारूचा लागात." भाईंना असं तोंडावर कुणी विचारलंच नसेल आजपर्यंत. ते दोन मिनिटं कॅलेंडरकडे बघत राहिले, मग म्हणाले 20 फेब्रुवारी, सोमवार की काय तो बघ, साडेनऊ. बाबूनं मोबाईलमध्ये बघून कुठला वार आहे तो सांगितला, सोमवार नव्हता. मग त्याच्या मागे उभ्या असलेल्या बाईंनी पण विचारलं, आणि मी? तिलाही आधी 'कळवतो' म्हणून झालं होतं. तिलाही तारीख मिळाली.

20 फेब्रुवारीला तो आला, साडेनऊला दहा कमी. टेबल पडवीतच होतं. चित्रांचा कागद उंदरांनी खाल्ला होता, तो मी परत काढला, या वेळी तात्यांनी बाजूला उभं राहून खांदे कसे काढायचे ते सांगितलं आणि माझं चित्र अमुक झालंय तमुक झालंय करत शेवटी पेन हिसकावून घेतलं.

आणि चहा. पहिल्या वर्षी अख्खा सीझन काकींनी विचारलं की दाराजवळचा माणूस म्हणायचा, सहा. बाबू पीत नाही म्हणून सहा, कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं. पण त्यामुळे व्हायचं काय, की चहाबरोबर कधी बिस्किटं आली, भजी आली, कुणाच्या घरच्या पूजेचा प्रसाद आला, तर तो पण सहा. मी हे खूप उशिरा बघितलं. एकदा भाईंच्या नातवाच्या बारशाचे पेढे आले तेव्हाही सहाच होते, आणि बाबूला पेढा आवडतो.

या वर्षी काकींच्या हाताखाली त्यांची नवी सून आहे, तिला कोण किती ते अजून ठाऊक नाही. पहिल्याच आठवड्यात ती दारात आली आणि म्हणाली चहा किती. तात्या खिळे तोंडात धरून होते, मी फोनवर होते, बायका पडवीत. आतून हेडफोन लावलेला बाबू, आंब्यावरची नजर न काढता म्हणाला,

"माका धरून सात. चाय सहा."